घरात पोपट आणण्याआधी

थंडी ओसरू लागली की जुन्या झाडांच्या ढोलींभोवती पोपटांच्या जोड्या घिरट्या घालू लागतात. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या कंठवाल्या पोपटाचा विणीचा हंगाम साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत चालतो. दुसऱ्या पक्ष्यानं कोरून सोडलेलं भोक, कुजून पोकळ झालेली आंब्याची फांदी, पडक्या वाड्याच्या किंवा किल्ल्याच्या भिंतीतली फट, अशी जागा बघून मादी तिथे तीन-चार अंडी घालते. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले आणि अंग उघडं असतं. ढोलीतून बाहेर पडण्याइतकी मोठी व्हायला त्यांना जवळपास सात आठवडे लागतात.

बाजारात येणारी पिल्लं याच सात आठवड्यांत काढली जातात. हात आत जात नसेल तर ढोली कुऱ्हाडीनं फोडतात, म्हणजे पिल्लं तर जातातच, शिवाय पुढच्या हंगामासाठी ती जागाही संपते. मग बंद टोपल्यांतून, पिशव्यांतून, रात्रीच्या बसमधून त्यांचा प्रवास सुरू होतो. गुदमरून, तहानेनं, चुकीच्या खाण्यानं त्यातली अनेक वाटेतच मरतात. जी तगतात त्यांची पिसं कापली जातात आणि सिग्नलला, जत्रेत किंवा ओळखीच्या माणसाकरवी ती विकली जातात. देशी पोपटांची कायदेशीर पैदास आणि विक्री आपल्या देशात होतच नाही. त्यामुळे कुणी कितीही खात्रीनं ‘घरीच जन्मलेलं आहे’ म्हणालं, तरी विकायला ठेवलेलं हिरवं पिल्लू कुठल्या तरी ढोलीतून चोरलेलं असतं, हे धरूनच चालावं.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली ती १९९०-९१ मध्ये. म्हणजे या बंदीला तीन दशकं उलटली, तरी बाजार चालूच आहे. पक्षितज्ज्ञ अबरार अहमद यांनी देशभरातल्या पक्षीबाजारांचा वर्षानुवर्षं माग काढला. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ संस्थेसाठी केलेल्या त्यांच्या कामातून दिसलं, की भारतातल्या १२ देशी जातींपैकी ८ जाती नियमितपणे विकल्या जातात. कंठवाला पोपट सर्वांत जास्त, आणि चांगलं बोलतो म्हणून ‘पहाडी’ नावानं विकला जाणारा, पंखाच्या खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पोपट सर्वांत महाग. २०२२ च्या दुरुस्तीनं या कायद्याखालच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेली. कैद ३ वर्षांपर्यंत होऊ शकते. विकणारा जसा गुन्हेगार, तसाच विकत घेऊन बाळगणाराही. पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढून घेणारे रस्त्यावरचे ज्योतिषीही यातून सुटत नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी तमिळनाडूतल्या कडलूर भागात एका ज्योतिष्याच्या पोपटानं उमेदवाराच्या विजयाचं भाकीत केलं, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि वन विभागानं त्याच्याकडचे पोपट जप्त करून त्याला अटक केली.

कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. जंगली पोपट थव्यानं जगतो, रोज काही किलोमीटर उडतो, संध्याकाळी शेकडो सोबत्यांच्या गोंगाटात झाडावर झोपतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये एका प्रकरणात, आकाशात उडणं हा पक्ष्यांचा मूलभूत हक्क आहे, असं म्हटलं ते याच अर्थानं. आजीच्या काळापासून ओटीवर पिंजरा टांगलेला असणं, त्यात एखादा मिठू ‘राम राम’ म्हणणं, याविषयी अनेक घरांत खरीखुरी माया आहे. त्या मायेवर शंका घ्यायचं कारण नाही. मात्र ती माया बाळगणाऱ्यांनीच हा पक्षी घरात पुन्हा आणू नये, हे सगळ्यांत आधी सांगायला हवं.

मग आधीपासून घरात असलेल्या मिठूचं काय? बरेच लोक मन भरून आलं की गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचं दार उघडतात आणि पुण्य पदरी पडलं असं समजतात. त्या पक्ष्याची त्याहून मोठी हानी क्वचितच दुसरी असेल. वर्षानुवर्षं न उडालेल्या पोपटाच्या छातीचे स्नायू दुबळे झालेले असतात, कापलेली पिसं पुढची पिसगळ होईपर्यंत परत येत नाहीत, शिक्रा किंवा कावळा अंगावर आला तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि भूक लागली की तो थेट माणसाकडे येतो. महाराष्ट्रात अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यजीवांवर उपचार करणारी केंद्रं आहेत. इतर शहरांत वन विभागासोबत काम करणाऱ्या प्राणिमित्र संस्थांची मदत मिळते. तिथे पक्ष्याची तपासणी होते, त्याला आपल्या जातीच्या पक्ष्यांबरोबर मोठ्या जाळीघरात ठेवून उडण्याची सवय लावली जाते, आणि तो बाहेर तगेल असं वाटलं तरच सोडलं जातं. माणसाच्या फार सवयीचा झालेला म्हातारा पोपट कदाचित कधीच सोडता येणार नाही. ते ठरवणं जाणकारांवर सोपवावं. तोवर पुढे दिलेली काळजी त्यालाही तितकीच लागू आहे.

परदेशी पोपटांची गोष्ट वेगळी, पण फार सोपी नाही. दुकानात मिळणारे छोटे, रंगीबेरंगी ‘लव्हबर्ड’ बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरिगार असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. बजरिगार, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड या जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांबाहेर आहेत. बाकी जवळपास सगळे परदेशी पोपट, म्हणजे सन कन्यूर, राखाडी आफ्रिकन पोपट, काकाकुवा, मकाव, त्या याद्यांत येतात. आपल्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ मध्ये आलेल्या नियमांनंतर अशा पक्ष्याची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. त्याचं हस्तांतर, त्याला झालेली पिल्लं, त्याचा मृत्यू, हेही कळवावं लागतं. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून पक्षी घेऊच नये. पिवळा किंवा निळा ‘रिंगनेक’ हा रंग बदललेला कंठवाला पोपटच असतो. जात देशी आहे, त्यामुळे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर तर मुळीच जाऊ नये. वन विभागाकडे लेखी विचारावं.

कागद पूर्ण असले तरी पक्षी कुठून आला याचा विचार सुटत नाही. राखाडी आफ्रिकन पोपट बोलण्यात सर्वांत तरबेज, म्हणून जगभर त्याला मागणी. या मागणीपायी घाना देशात त्याची संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याला ‘साइट्स’च्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत घातलं गेलं. आपल्या शहरांत सर्रास दिसणारा सन कन्यूरही दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या मूळ प्रदेशात संकटग्रस्त आहे.

आयुष्याचा हिशेब मग येतो. बजरिगार साधारण ५ ते १० वर्षं जगतो, कॉकटील १५ ते २०, देशी पोपट पिंजऱ्यात २५ ते ३०. राखाडी आफ्रिकन ४० ते ६० वर्षं, आणि मोठा मकाव ५० च्याही पुढे जातो. पन्नाशीतल्या माणसानं आणलेला मकाव बहुधा त्याच्या मागे उरणार. मुलं परदेशी, घरात दोघंच, सोबतीला पक्षी, असं चित्र आज पुण्या-मुंबईत अनेक फ्लॅटमध्ये दिसतं. तिथे तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवायला हवा: आपल्यानंतर याला कोण सांभाळणार? त्या माणसाला विचारलेलं असावं, त्याची पक्ष्याशी ओळख करून दिलेली असावी.

पोपटाच्या बुद्धीविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी अ‍ॅलेक्सची गोष्ट वाचावी. आयरिन पेपरबर्ग या अमेरिकी संशोधिकेनं १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून हा राखाडी आफ्रिकन पोपट घेतला आणि तीस वर्षं त्याच्यासोबत काम केलं. शंभराहून अधिक शब्द तो अर्थ समजून वापरत असे. वस्तूचा रंग, आकार, ती कशाची बनली आहे हे सांगे, सहापर्यंत मोजे, दोन वस्तूंत सारखं काय आणि वेगळं काय हेही ओळखे. प्रयोगाचा कंटाळा आला की परत जायचंय, असं तो स्पष्ट सांगत असे. २००७ मध्ये तो ३१ वर्षांचा असताना गेला. ज्याला कंटाळा येतो आणि तो सांगताही येतो, अशा जीवाला दिवसाचे तेवीस तास गजांआड एकटं ठेवणं म्हणजे काय, हे अ‍ॅलेक्सनंतर कुणालाही समजावून सांगावं लागू नये.

पोपट बोलतो तो थव्यात सामील होण्यासाठी. रानात ते सतत एकमेकांना साद घालत असतात: मी इथे आहे, तू कुठे आहेस? व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर कार्ल बर्ग यांनी केलेल्या अभ्यासात, २०११ साली, असं आढळलं की आईबाप ढोलीतल्या प्रत्येक पिल्लाला त्याची वेगळी हाक शिकवतात, आणि पुढे ते पिल्लू त्याच हाकेनं ओळखलं जातं. घरातल्या पोपटाला माणसं हाच थवा. तो माणसांच्या आवाजातले असे तुकडे उचलतो, ज्यांना हमखास प्रतिसाद मिळतो. इंग्लंडमधल्या लिंकनशायर वाइल्डलाइफ पार्कमध्ये २०२० साली वेगवेगळ्या घरांतून आलेले पाच राखाडी पोपट एकत्र ठेवले गेले. ते शिव्या देऊ लागले, कर्मचारी हसू लागले, तसे पोपट आणखी शिव्या देऊ लागले. शेवटी त्यांना वेगवेगळ्या गटांत हलवावं लागलं.

घरच्या आरडाओरड्यावर इलाज इथूनच मिळतो. पोपट कर्कश ओरडला की धावत जाऊन त्याला रागावणं हे त्याच्या लेखी बक्षीसच असतं, कारण माणूस आला. त्याऐवजी तो हळू शीळ घालतो किंवा बोलतो तेव्हा लगेच उत्तर द्यावं, दुसऱ्या खोलीतून तरी शीळ घालावी. थव्यातला सोबती जवळच आहे हे कळलं की निम्मा गोंधळ कमी होतो. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी थोडा वेळ ओरडणं मात्र त्याच्या रक्तातच आहे, ते कुठल्याही शिकवणुकीनं जात नाही. सन कन्यूरचा आवाज तर भिंतीपलीकडच्या घरात सहज पोचतो. चाळीत किंवा दाटीच्या इमारतीत राहणाऱ्यांनी घेण्याआधी त्या जातीचा पक्षी प्रत्यक्ष ऐकून यावा आणि शेजाऱ्यांनाही विचारावं.

आता रोजचं काम. ते कमी नाही, आणि ते टाळता येत नाही. दहा ते बारा तासांची शांत, अंधारी झोप ही पहिली गरज. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या हॉलमध्ये पिंजरा असेल तर पक्षी चिडचिडा होतो, आजारी पडतो. कॉकटील रात्री अचानक घाबरून पिंजऱ्यात आपटतात, म्हणून त्यांच्यासाठी मंद दिवा ठेवावा. सकाळी पिंजऱ्याच्या तळाचा कागद बदलावा. वर्तमानपत्राचा साधा कागदच उत्तम, कारण त्यावर विष्ठा नीट दिसते: घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी, असे तीन भाग वेगळे ओळखू येतात. त्यांचा रंग किंवा प्रमाण बदललं तर आजाराची पहिली खूण तिथेच मिळते. वाट्या स्टीलच्या असाव्यात आणि त्या रोज घासून धुवाव्यात.

खाण्यात आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात. मिठूला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची द्यायची, ही जुनी रीत. मिरचीनं त्याचं काही बिघडत नाही. मिरचीतल्या ज्या घटकानं आपली जीभ भाजते तो पक्ष्यांना जाणवतच नाही. पण एवढ्यावर पोषण होत नाही. राळं, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बियांवरच वाढवलेल्या पोपटांना अ जीवनसत्त्व कमी पडतं, चरबी साठते, यकृत बिघडतं. सूर्यफुलाची बी आवडती म्हणून बक्षिसापुरती ठेवावी. खास पोपटांसाठी बनवलेले दाणे, म्हणजे पेलेट, हा आहाराचा मोठा भाग असावा. त्याच्या जोडीला रोज ताजं द्यावं: शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, ढोबळी मिरची, कणसाचे दाणे, मोड आलेले मूग. पेरू, पपई, डाळिंब थोडं. भाज्यांवर फवारणी असते, म्हणून त्या भरपूर पाण्यात धुवाव्यात, आणि मोडांना जरासा वास आला तरी टाकून द्यावेत. बुरशी लागलेले शेंगदाणे विषारी असतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवावा. राखाडी आफ्रिकन पोपटात कॅल्शियम कमी पडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि सकाळच्या थेट उन्हाशिवाय, म्हणजे काचेआडून आलेल्या नव्हे, ते शरीरात नीट वापरलंही जात नाही.

बियांवर वाढलेला पक्षी पेलेटला पहिल्यांदा तोंडही लावत नाही. म्हणून एकदम बदल करू नये. वजन बघत, काही आठवडे मिसळून द्यावं.

चहात बुडवलेलं बिस्किट, दूध-पोळी, फरसाण, वरण-भात हे घरातल्यांच्या ताटातून येणारे घास प्रेमानं दिलेले असतात, पण पोपटाला दूध पचत नाही आणि मीठ त्याच्या इवल्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट विषारी आहेत, कॉफीही. कांदा-लसूण आणि सफरचंदाच्या बिया टाळाव्यात.

स्वयंपाकघर पोपटाला जीवघेणं ठरू शकतं. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते, त्यामुळे प्रत्येक श्वासातून ते आपल्याहून कितीतरी जास्त शोषून घेतात, ऑक्सिजन तसंच विषही. नॉनस्टिकचा रिकामा तवा आचेवर राहून फार तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूनं शेजारच्या खोलीतले पक्षीही काही मिनिटांत मरतात. माणसाला तो वासही येत नाही. पोपट असलेल्या घरात लोखंडी, बिडाची किंवा स्टीलची भांडी वापरावीत. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, खोलीत मारायचा सुगंध, नवा रंग, सिगारेट, सगळं त्याच्यापासून दूर. मिरचीची फोडणी घरभर ठसका उडवते तेव्हा त्याचाही श्वास कोंडतो. दिवाळीच्या रात्री खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि कुणीतरी जवळ बसलेलं असावं.

उडायला सोडताना सर्वांत मोठा धोका छताच्या पंख्याचा. पंखा नुसता बंद करून भागत नाही. मुलं चुकून चालू करतात, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावावी किंवा त्या खोलीत भिंतीवरचा जाळीदार पंखाच असावा. खिडक्यांना जाळी, आरशावर कापड, उघड्या बादल्या झाकलेल्या, गॅस बंद. इतकं करून रोज दोन-तीन तास तरी तो पिंजऱ्याबाहेर असायला हवा, आणि तेवढा वेळ कुणीतरी खोलीत हवं. पंख कापून ही कटकट वाचवू नये. न उडणाऱ्या पोपटाला लठ्ठपणा येतो, पडून छातीला इजा होते, आणि धोक्यापासून पळण्याचं त्याचं एकमेव साधनही जातं.

पिंजरा किती मोठा, असं विचारलं जातं. घरात मावेल तेवढा मोठा. दोन्ही पंख पूर्ण पसरून तो गजांना न लागता फडफडू शकला पाहिजे, आणि उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. बाजारातला टोपीसारखा छोटा गोल पिंजरा कुठल्याच पोपटाला पुरत नाही. बजरिगारच्या पिंजऱ्यात गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरहून जास्त नसावं. स्वस्त जस्तलेपित जाळी चावून जस्ताची विषबाधा होते. आतल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकून कडुनिंबाच्या, पेरूच्या, आंब्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावाव्यात, नाहीतर एकाच जागी दाब पडून तळव्यांना फोड येतात. त्या फांद्या तो सोलून टाकील. टाकू द्याव्यात, त्यासाठीच त्या आहेत. खाणं वाटीत सहज देण्याऐवजी कागदात गुंडाळून, नारळाच्या करवंटीत लपवून, भाजीची जुडी वरून टांगून द्यावं. रानात पोपटाचा दिवस अन्न शोधण्यात जातो. घरी ते काम उरलं नाही, तर काही पक्षी स्वतःचीच पिसं उपटू लागतात. एकदा ही सवय जडली की ती मोडणं फार कठीण. अर्थात पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावं.

थवा हवाच असेल तर जोडी ठेवावी का? बजरिगार, लव्हबर्ड, कॉकटील एकटे ठेवूच नयेत. दिवसभर घरी कुणी नसेल तर मुळीच नाही. पण नवा पक्षी आणल्यावर त्याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावं, कारण पिसं आणि चोच नष्ट करणारा विषाणू बाहेरून दिसण्याआधीच पसरलेला असतो.

लाड करतानाही शिस्त लागते. डोकं आणि मान खाजवावी. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवणं पोपटाच्या जगात जोडीदाराचं वागणं आहे. त्यातून माणसालाच जोडीदार मानून तो इतरांना चावू लागतो. मादी नर नसतानाही अंडी घालत सुटते, तिच्या शरीरातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं. पिसं फुलवून तळाशी बसलेली, जोर करत असलेली मादी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, सकाळपर्यंत थांबता येत नाही.

पोपट आजार लपवतो. रानात अशक्त दिसणारा आधी पकडला जातो, म्हणून शेवटपर्यंत तो सगळं ठीक असल्यासारखं वागतो. यावर स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा हा साधा उपाय. दर आठवड्याला त्याच वेळी, सकाळी खाण्याआधी, वजन करून वहीत लिहावं. दहा टक्के घट ही काळजीची गोष्ट आहे. शेपूट श्वासाबरोबर खालीवर होणं, दिवसा डोळे मिटून बसणं, आवाज बदलणं, या खुणा दिसल्या की थांबू नये. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या सगळ्याच डॉक्टरांना पक्ष्यांचा अनुभव नसतो. म्हणून पक्षी आणण्याच्या आधी जाणकार पशुवैद्य शोधून ठेवावा. पंचक्रोशीत असा कुणीच नसेल, तर पक्षी आणू नये, इतकं हे महत्त्वाचं आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारा पोपट उष्माघाताकडे चाललेला असतो. त्याला सावलीत आणावं, पायांवर साधं पाणी शिंपडावं, आणि डॉक्टरांना फोन करावा. माणसांकडेही लक्ष हवं. सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार पोपटाकडून माणसाला होतो आणि न्यूमोनियासारखा दिसतो. वेळेवर ओळखला तर औषधानं बरा होतो, म्हणून ताप-खोकला घेऊन गेल्यावर घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावं. दम्याचा त्रास असलेल्यांच्या घरात कॉकटील आणि काकाकुवा आणूच नयेत; त्यांच्या पिसांतून सतत भुकटी उडते.

गणपतीला गावी, मे महिन्यात लग्नाला, दिवाळीत सासरी. प्रत्येक वेळी पक्ष्यामागे कोण राहणार हे ठरवावं लागतं. वॉचमनला दाणे-पाणी टाकायला सांगून आठवडाभर निघून जाणं चालत नाही. वर्षातून अनेकदा प्रवास करणाऱ्या घरानं हा नाद धरू नये.

इतकं वाचूनही ज्यांचा निश्चय कायम आहे त्यांनी दुकानाआधी ओळखीत चौकशी करावी. लॉकडाऊनमध्ये हौसेनं आणलेले आणि आता नकोसे झालेले कॉकटील आणि कन्यूर नव्या घराच्या शोधात असतात. त्यांतला एक घरी आणला तर नव्या पिल्लाची मागणी एकानं कमी होते. ‘हातावर वाढवलेलं’ म्हणून डोळे नुकते उघडलेलं पिल्लू विकत घेऊ नये. भरवायचं अन्न जरा जास्त गरम झालं तर अन्नाची पिशवी भाजते, नळी चुकली तर अन्न फुप्फुसात जातं. अननुभवी हातांत अशी पिल्लं मरतात. स्वतः खायला शिकलेला पक्षीही माणसाळतो, थोडा वेळ लागतो एवढंच. आणि परदेशी पक्षी नकोसा झाला म्हणून बाहेर सोडून देऊ नये. बहुतेक तर दोन दिवसांत मरतात, आणि जगले तरी ते आणखी वाईट. ब्रुसेल्समध्ये १९७४ साली एका उद्यानातून चाळीसेक कंठवाले पोपट सोडले गेले. आज त्या शहरात त्यांचे हजारोंचे थवे आहेत आणि तिथल्या स्थानिक पक्ष्यांच्या ढोली ते बळकावतात.

पोपट आवडतात पण वरची सगळी बांधिलकी झेपणार नाही, असं ज्यांच्या लक्षात आलं त्यांच्यासाठी बाहेर पुष्कळ आहे. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलले की मध खायला पोपट तिथे हमखास येतात. कोकणात आणि गोव्यात गेलं तर निळ्या पंखांचा, पश्चिम घाटाबाहेर कुठेच न सापडणारा पोपट दिसू शकतो. त्यांच्यासाठी करण्यासारखं सर्वांत मोठं काम म्हणजे ढोली असलेली जुनी झाडं राखणं. सोसायटीत फांद्या छाटायच्या असतील तर १९७५ च्या महाराष्ट्रातल्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. त्यापुढे जाऊन डिसेंबर ते मे छाटणी टाळावी, आणि आधी दोन दिवस सकाळी खाली उभं राहून ढोलीत कुणाची ये-जा आहे का ते पाहावं.

याच दिवसांत वाऱ्यानं किंवा छाटणीनं एखादं पिल्लू खाली पडलेलं सापडतं. पिसं फुटलेलं, पंख फडफडवणारं पिल्लू असेल आणि आईबाप जवळच ओरडत असतील तर त्याला उंच फांदीवर ठेवून लांबून पाहावं. अंग उघडं असेल किंवा जखम असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवावं. चमच्यानं पाणी किंवा दूध मुळीच पाजू नये, ते श्वासनलिकेत जातं. खोक्याला बाहेरून कोमट पाण्याची बाटली टेकवून ऊब द्यावी, १९२६ ला फोन करावा आणि कुणी येईपर्यंत खोका मांजरांच्या आणि मुलांच्या हाताबाहेर, अंधाऱ्या जागी ठेवावा.